क्लच नसलेला ट्रॅक्टर

थोरल्याने आयुष्यभर हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरची जेवढी टर उडवली, तेवढी त्या रोपवाटिकेत दुसऱ्या कुणी कशाचीच उडवली नसेल. 'तेलावर चालणारी पाळणागाडी' हे त्यानेच ठेवलेलं नाव. क्लच नाही, गिअर नाही, पेडल दाबलं की गाडी पुढे आणि सोडलं की उभी. "मग चालवणाऱ्याने करायचं काय? नुसतं बसायचं? बसायला घरी खुर्ची आहे की!" असं तो म्हणायचा आणि ऐकणारे हसायचे. ट्रॅक्टरच्या बाबतीत त्याच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. बत्तीस वर्षं गिअरच्या गाडीवर काढलेला माणूस. लोक त्याला गिअरमास्तर म्हणायचे, आणि तोंडाने नको नको म्हणत असला तरी त्याला ते आवडायचं.

आता त्याच थोरल्यावर त्याच पाळणागाडीसाठी धाकट्या भावाच्या विनवण्या करायची पाळी आली होती.

कारण त्याचा डावा गुडघा. वर्षानुवर्षं क्लच दाबून दाबून त्याच्यातली गादी पार झिजून गेली होती. शेवटी तो कापून आत नवा सांधा बसवला. टाके काढायच्या दिवशी सर्जन म्हणाले, "चाला, फिरा, जिना चढा. फक्त ट्रॅक्टरचा क्लच दाबायचा नाही."

"कधीपर्यंत?" थोरल्याने विचारलं.

"कधीच नाही."

थोरल्याने तिथल्या तिथे त्यांना समजावून सांगायला घेतलं. ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटीने ढिगातून माती उचलायची, मागे यायचं, वळायचं, शेडपर्यंत न्यायची, ओतायची, परत यायचं. एका बकेटीला आठ वेळा क्लच. दिवसाला पन्नास बकेटी. "म्हणजे चारशे वेळा, डॉक्टर. हे चारशे कमी करून मला किती परवडतील, तेवढं सांगा." सर्जननी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "एकही नाही." बायको शेजारीच बसली होती. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला, कारण तो आता सर्जनना चार शब्द सुनावणार हे तिला कळलं होतं.

रोपवाटिका दोघा भावांची. गिऱ्हाइकं, फोन, कागदपत्रं धाकट्याकडे. माती, खत, मशीन थोरल्याकडे. अशीच वाटणी वडील गेल्यापासून चालत आली होती आणि तीत कधी कुरकुर झाली नव्हती. गुडघा गेला आणि थोरल्याच्या वाट्याला काही उरलंच नाही. त्याला कुंड्या भरायच्या टेबलापाशी एक उंच स्टूल दिलं. तिथे बसून त्याने रोपांच्या नावांच्या पट्ट्या खोचायच्या. पाच महिने त्याने पट्ट्या खोचल्या. त्याच्या बायकोचा आणि भावजयीचा हात त्या कामात इतका बसलेला होता, की तो एक ट्रे पुरा करीपर्यंत त्यांचे चार होत. दोघी बोलत काही नसत, फक्त त्याचे उरलेले ट्रे हळूच आपल्या बाजूला ओढून घेत.

आणि बाहेर ट्रॅक्टर धाकटा चालवायचा. चालवायचा म्हणजे काय, छळायचा. अर्धा क्लच दाबून गिअर ओढायचा, आणि दातांवर दात खरवडल्याचा तो आवाज काचघराच्या भिंतींतून आत यायचा. थोरल्याच्या हातातली पट्टी तिथेच थांबायची. "पूर्ण दाब! पूर्ण!" असं तो स्टुलावरून ओरडायचा. बाहेर काही ऐकू जायचं नाही. पाचव्या महिन्यात गिअरबॉक्सने राम म्हटला. मेकॅनिकने झाकण उघडून आत बघितलं, लगेच बंद केलं आणि म्हणाला, "हा आता भंगारात घाला."

थोरल्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण अर्धाच दिवस. कारण आता नवा ट्रॅक्टर येणार होता, आणि नव्या ट्रॅक्टरला क्लच असलाच पाहिजे असं थोडंच आहे?

दुपारी चौघं जेवायला बसले होते तेव्हा धाकट्याने विषय काढला. "गिअरचाच घेऊ या. आपल्याला सवय आहे."

"कुणाला सवय आहे?" थोरला म्हणाला. "तुला? तुझी सवय आत्ताच मेकॅनिक बघून गेला."

धाकट्याचा चेहरा उतरला. थोरल्याला आपलं चुकलं हे कळलं, पण शब्द मागे घेणं त्याला कधी जमलेलं नव्हतं. त्याने ताटाकडे बघत पुढचं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. "हायड्रोस्टॅटिक बघू या."

भावजयीला हसू आवरेना. "दादा, पाळणागाडी?" ती म्हणाली, आणि धाकटाही हसला. थोरल्याची बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बत्तीस वर्षांची थट्टा एका घासाबरोबर गिळायची, तर ती घशात अडकणारच.

"तूच सांगायचास ना," धाकटा म्हणाला, "की तेलात ताकद जाते म्हणून?"

"जाते. इंजिनाची ताकद पंपाला, पंपाची तेलाला, तेलाची चाकाला. एवढे हात बदलले की थोडं सांडणारच. गिअरमध्ये दाताला दात भिडलेला असतो, तिथे सांडत नाही. सरळ रेषेत दिवसभर नांगर ओढायचा असेल तर गिअरला तोड नाही, आजही नाही. पण आपण नांगरतो कुठे? आपलं सगळं काम पुढे, मागे, पुढे, मागे. दहा पावलं जायचं आणि वळायचं. अशा कामाला..." तो थांबला. "अशा कामाला ती बरी."

"आणि ती तुला चालवता येईल," धाकटा म्हणाला.

"आणि ती मला चालवता येईल."

झाकून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. चौघांनाही ठाऊक होतं, प्रश्न ट्रॅक्टर कुठला घ्यायचा हा नाही, थोरला पुन्हा सीटवर बसणार की मरेपर्यंत स्टुलावर, हा आहे. त्याची बायको हसणं आवरून म्हणाली, "दोन्ही आणून बघा ना दोन दिवस. बघायला काय जातं?" तिला नवरा सीटवर हवा होता. पाच महिने त्याच्याबरोबर स्टुलाशेजारी काढल्यावर कुठल्याही बायकोला हवा असता.

डीलरने दोन ट्रॅक्टर पाठवले. दोघांची इंजिनं सारख्या ताकदीची, दोघांना पुढे सारखीच बकेट. बरोबर एक डेमोवाला होता. हसतमुख, इस्त्रीचा शर्ट, आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'काका'. थोरल्याने एक वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली आणि एका बाजूला गिअर, दुसऱ्या बाजूला हायड्रोस्टॅटिक असं लिहिलं. काम दोघांना एकच: ढिगातून शेडपर्यंत वीस बकेटी माती, आणि मग कुंड्यांनी भरलेली ट्रॉली चढावरून वरच्या काचघरापर्यंत.

पहिल्या दिवशी गिअरचा. तो डेमोवाल्याने चालवला, कारण थोरल्याला तो चालवता येणार नव्हता. थोरला घड्याळ घेऊन बाजूला उभा राहिला. वीस बकेटींना बेचाळीस मिनिटं. डेमोवाल्याचा हात काही वाईट नव्हता, पण क्लच सोडताना तो किंचित घाई करायचा आणि प्रत्येक वळणावर थोडी माती सांडायची. ट्रॉली मात्र गिअरने अशी ओढली, की चढ आहे की सपाट हे कळू नये. डिझेलही कमी लागलं. थोरल्याने हे सगळं वहीत उतरवलं. तपासायला कुणी नव्हतं. दोन आकडे इकडचे तिकडे केले असते तर त्याचंच भलं झालं असतं. पण मशीनच्या बाबतीत खोटं लिहिणं हे त्याला नाक कापून घेण्यासारखं वाटायचं. माणसांशी तो कसाही वागे, मशीनशी नाही.

दुसऱ्या दिवशी हायड्रोस्टॅटिक. थोरला सकाळी सातलाच तयार होऊन अंगणात उभा होता. डेमोवाला आला आणि समजावू लागला. "हे बघा काका, उजव्या पायाला दोन पेडलं. पुढचं दाबलं की पुढे, मागचं दाबलं की मागे. जेवढं दाबाल तेवढा वेग. पाय उचलला की जागेवर उभी."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक डाव्या बाजूला, काका. पण तो लागतच नाही हो. पाय उचलला की काम झालं."

"म्हणजे जिथे आमचा क्लच असायचा तिथे ब्रेक, आणि जिथे ब्रेक असायचा तिथे पुढे जायचं पेडल," थोरला म्हणाला. "ज्याने हे केलं त्याचा सत्कार करायला हवा."

डेमोवाला हसला. थोरलाही हसला. तो सीटवर चढला. गुडघ्यात कळ आली, पण त्या कळेची त्याने पर्वा केली नाही.

पहिल्या चार बकेटी तो जपून होता. डावा पाय सारखा उचलला जायचा आणि तिथे क्लच नाही हे बघून परत खाली ठेवला जायचा. पाचव्या बकेटीला पायाची ती चुळबुळ थांबली. दहाव्या बकेटीला त्याच्या लक्षात आलं, की आपण पायांचा विचार करतच नाही आहोत. ढिगाकडे जाताना बकेट खाली, माती भरता भरता पाय हलका, बकेट वर, मागे, वळण, शेड. हात मोकळे, डोळे मोकळे. बत्तीस वर्षं गिअरच्या दांड्याकडे जाणारा हात आता सरळ बकेटीच्या दांड्यावर राहिला होता आणि बकेट त्याच्या बोटांच्या टोकाला आल्यासारखी वागत होती. माती अशी पडत होती की शेडच्या दारात झाडू मारायची गरज नाही. थोरल्याला रडू आलं. त्याने ते डोळ्यांत मातीची धूळ गेल्याच्या नावाखाली पुसलं.

वीस बकेटी, एकतीस मिनिटं.

"एकतीस!" तो अंगणातून ओरडला. बायको कुंड्यांच्या टेबलावरून उठून दारात आली. "ऐकलंस का? एकतीस! गिअरला बेचाळीस!" तिला आकड्यांचं काही नव्हतं, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. पाच महिन्यांत असं तोंड तिने बघितलं नव्हतं. धाकटाही कागद बाजूला ठेवून आला आणि मान डोलवत म्हणाला, "मानलं, दादा."

चढावर मात्र ट्रॉली लावल्यावर इंजिन कण्हायला लागलं, वेग पडला, आणि डिझेलही जास्त गेलं. थोरल्याने तेही लिहिलं. 'ओढायला गिअर. पुढे-मागे करायला हायड्रोस्टॅटिक. आपलं काम पुढे-मागे.' खाली जाड रेघ मारली. हे पान म्हणजे आपला कौल आहे आणि तो कुणाला खोडता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं. पण माणसाला सुख पचत नाही; त्याला अजून एक बकेट टाकायची होती.

"काका, झालं की आता, मी गाडी लावतो," डेमोवाला म्हणाला.

"एकच. काचघरापाशी थोडी माती पडलीय, तेवढी उचलतो."

काचघराच्या लांब बाजूला रोपांचे ट्रे ठेवायच्या फळ्या होत्या. तो त्या बाजूने वळला. बकेट खाली होती आणि वेग चांगला होता. खरं तर जास्त होता, कारण तो खुशीत होता. तेवढ्यात त्याची बायको हातात ट्रे घेऊन काचघराच्या दारातून बाहेर आली. ट्रेमधलं एक रोप घसरून पडलं आणि ते उचलायला ती खाली वाकली. गाडीकडे तिची पाठ होती.

थोरल्याने तिला बघितलं, आणि त्याच क्षणी त्याच्या उजव्या पायाने बत्तीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. ब्रेकवर लाथ मारल्यासारखा तो पाय खाली गेला. गाडी पुढे झेपावली. गाडी पुढे गेली म्हणून त्याने आणखी जोराने दाबलं. आणखी जोराने गेली, आणखी जोराने दाबलं. सीटवरून अर्धा उठून, दात खाऊन, अंगातली सगळी ताकद लावून तो गाडी थांबवत होता, आणि गाडी बायकोच्या अंगावर जात होती.

तिने आवाजाने वळून बघितलं आणि स्वतःला बाजूला झोकून दिलं. बकेट काचघराच्या भिंतीत घुसली. चौकटी वाकल्या, काचा कोसळल्या, फळ्यांवरची रोपं एकमेकांवर पडत गेली.

"पाय उचला!" डेमोवाला ओरडत धावत येत होता. "काका, पाय! पाय उचला!"

थोरल्याने पाय उचलला. गाडी जागेवर उभी राहिली.

बायकोचं कोपर सोलवटलं होतं आणि केसांत काचेचे तुकडे अडकले होते. बाकी तिला काही झालं नव्हतं. भावजय तिला धरून बसवत होती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर थोरल्याने तो झेलला असता. ती घाबरली होती, आणि ती गाडीला घाबरली नव्हती.

धाकटा धावत आला. आधी त्याने वहिनीला बघितलं, मग काचघर बघितलं, मग भावाकडे वळला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "दादा, पेडल अडकलं का?"

डेमोवाल्याचं तोंड पांढरं पडलं. पेडल अडकलं म्हटलं की त्याची नोकरी धोक्यात. तो नुसता थोरल्याकडे बघत राहिला. सगळेच बघत होते.

थोरल्याला धाकट्याने पुढे केलेला हात दिसत होता. 'हो' म्हणायचं, बस. हो, अडकलं. गाडी नालायक निघाली, मी आधीपासून म्हणत होतो. मग हा ट्रॅक्टर परत जाईल, गिअरचा येईल, आणि गिअरमास्तर गिअरमास्तरच राहील. स्टुलावर बसलेला, पण गिअरमास्तर. आणि 'नाही' म्हटलं तर? गाडी चांगली ठरेल आणि आपण वाईट ठरू. सीट तर दोन्हीकडून गेलीच होती. आता फक्त नाव राखायचं की नाही, एवढंच उरलं होतं.

त्याने वाकून पेडलाकडे बघितलं. ते चांगलं वर आलेलं होतं, साफ होतं, त्यात काहीही अडकलेलं नव्हतं. बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं होतं.

"गाडीचा दोष नाही," तो म्हणाला. "माझा पाय चुकला."

"घाईत असं वाटतं, दादा. नीट आठव."

"नीटच आठवतंय. मी ब्रेक समजून दाबलं. हा ओरडेपर्यंत दाबत राहिलो."

डेमोवाल्याने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. थोरल्याला वाटलं होतं, एवढं खरं बोलल्यावर निदान कुणी तरी पाठीवर हात ठेवेल. कुणी ठेवला नाही. ज्याचं खरं बोलणं ऐकून सगळ्यांची सोय होते, त्याला शाबासकी द्यायचं कुणाला सुचत नाही.

बायको कोपराला फडकं लावून बसली होती. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "अहो, आता पुरे. तुम्ही पुन्हा कुठल्याच गाडीवर बसायचं नाही." हीच ती, जिने दोन्ही ट्रॅक्टर आणून बघा म्हणून त्याची बाजू घेतली होती. "सवय मोडायला वेळ लागतो," तो म्हणाला. "महिनाभर रिकाम्या अंगणात फिरवली की..." तिने मान वर केली. "महिनाभर मी काय काचघरात लपून बसू?" बत्तीस वर्षांत त्या पायाने ब्रेक किती वेळा दाबला असेल हे त्यालाच मोजता येत नव्हतं. तो पाय महिन्यात विसरेल असं तो कुणाच्या तोंडावर सांगणार?

काचा उचलून झाल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्याने ती वही मागून घेतली, टेबलापाशी उभ्याउभ्याच वाचली, आणि ती जाड रेघ आली तिथे बोट ठेवून म्हणाला, "मग हायड्रोस्टॅटिकच घ्यायचा. गाडीचा दोष नाही हे तूच सांगितलंस, आणि काम तर झालंच लवकर." तो टोमणा नव्हता. धाकट्याला टोमणे मारता येत नसत, म्हणूनच त्याचं बोलणं जास्त लागायचं.

"चालवणार कोण?" थोरल्याने विचारलं. "तू?"

"माझ्याही पायाला क्लचचीच सवय आहे ना. अर्धी का होईना," धाकटा म्हणाला. "मला आता भीती वाटते. डेमोवाला म्हणतो, ज्याने कधीच काही चालवलेलं नाही त्याला ही सगळ्यात लवकर येते." आणि त्याने आपल्या बायकोकडे बघितलं.

भावजय हातातला ट्रे तसाच धरून उभी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला ट्रॅक्टर शिकायचा होता. थोरल्याने एक सकाळ शिकवला होता. सात वेळा तिच्या हातून इंजिन बंद पडलं, आणि सातव्यांदा तो कामावरच्या चारचौघांसमोर म्हणाला होता, "हा ट्रॅक्टर आहे बाई, शिवणयंत्र नाही." ती उतरली होती आणि त्यानंतर एकोणीस वर्षं तिने ट्रॅक्टरचं नाव काढलं नव्हतं. थोरला ती सकाळ विसरूनच गेला होता. आत्ता तिच्या तोंडाकडे बघताना त्याला कळलं, की ती काही विसरली नव्हती.

"दादा शिकवणार असतील तर बसेन," ती म्हणाली.

तिने डाव साधला असता तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिने मान दिला होता, आणि त्या मानाला नाही म्हणायची सोय नव्हती.

अर्ध्या तासात तिला गाडी आली. थोरला अंगणाच्या मधोमध उभा राहून हातवारे करत होता: बकेट खाली, आता हलकं, आता उचल. ती घाबरली की तिचा पाय आपोआप वर यायचा, कारण घाबरल्यावर माणूस अंग आखडून घेतो, आणि तिच्या पायाला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. गाडी उभी राहायची. प्रत्येक वेळी उभी राहायची. तिच्या वाटेत काहीही आलं, मांजर आलं, ट्रे आला, तो स्वतः आला, तरी उभी राहायची. आपण तिला त्या सकाळी नीट शिकवलं असतं, तर आज तिचाही पाय आपल्यासारखाच चुकला असता, हे थोरल्याच्या मनात आलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं आणि यात कुठे समाधान मानावं हेही त्याला कळेना.

"ढिगाला तिरकी घुसवू नकोस," तो ओरडला. "सरळ जा!"

"बरोबर आहे, दादा," ती म्हणाली आणि सरळ गेली. दुपारपर्यंत तिच्या वीस बकेटी छत्तीस मिनिटांत झाल्या. थोरल्याने घड्याळ खिशात ठेवलं आणि तो आकडा वहीत लिहिला नाही.

नवा ट्रॅक्टर आला त्या दिवशी डेमोवाला कॅमेरा घेऊन आला. थोरल्याबद्दल त्याला मनापासून माया वाटत होती. त्याची नोकरी थोरल्याने वाचवली होती. "काका, एक फोटो द्या. बत्तीस वर्षं गिअरवर काढलेल्या माणसाने हायड्रोस्टॅटिक निवडला, असं आम्ही खाली लिहू. तुमच्या शब्दाला वजन आहे." थोरला नको म्हणाला. धाकटा म्हणाला, "बस ना दादा, त्याचं मन मोडू नकोस." आणि थोरला चढायला लागला तसा धाकटा चपळाईने पुढे झाला, किल्ली काढून घेतली आणि खिशात टाकली. गाडी बंदच होती. थोरला बंद गाडीच्या सीटवर बसला, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि सांगितल्यावर हसला.

फोटो फार छान आला. तो डीलरच्या दुकानात दर्शनी भिंतीला लागला, खाली थोरल्याचा फोन नंबर. फोन येऊ लागले. थोरला स्टुलावर बसून सगळ्यांना समजावून सांगायचा, कंटाळा न करता: तेलात ताकद थोडी जाते, लपवत नाही, डिझेल जास्त लागतं, नांगर दिवसभर ओढायचा असेल तर गिअरच घ्या, कुणाचं ऐकू नका, पण पुढे-मागे करायचं काम असेल तर हिला तोड नाही. लोक म्हणायचे, असं खरं सांगणारा माणूस बघितला नाही. वर्गात मास्तर शिकवतात तसा तो शिकवायचा, आणि त्या वेळात पट्ट्या खोचायच्या राहून गेल्या तर बायको त्याचा ट्रे आपल्याकडे ओढून घ्यायची.

एकदा असाच एका फळबागवाल्याचा फोन आला. सगळं नीट ऐकून घेऊन त्याने विचारलं, "शेवटचं एकच, काका. दिवसाला सलग किती तास चालवता तुम्ही? पाय भरून येतो का?"

शेजारी बायकोचे हात थांबले. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "थांबा, चालवणाऱ्यांनाच देतो," आणि फोन घेऊन लंगडत अंगणात गेला. भावजय बकेट भरून ढिगाकडून येत होती. त्याने हात वर केला. इंजिनाच्या आवाजात तिला हाक ऐकू गेली नसती. ती जवळ आली, तिने त्याला बघितलं आणि पाय उचलला. गाडी त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

"तुला विचारतायत," थोरला म्हणाला. त्याने फोन तिच्या हातात दिला आणि तो गाडीच्या वाटेतून बाजूला झाला.